पेपरची घडी

आमच्या घरी पेपरची घडी गच्चीवर घातली जाते.

सकाळी साडेसहाला पेपरवाला पोरगा तो गेटवरून टाकतो. मिस्टर बैठकीत बसून चहाबरोबर वाचतात. वाचून झाला की तसाच उघडा, दोन्ही हातांत पसरून धरत जिना चढतात आणि वर जाऊन दुमडतात. पाहुण्यांना नवल वाटतं. कारण एवढंच, की कागद दुमडताना जो करकर आवाज होतो, तो कानावर पडला की आमची शेंगी जागची उठते आणि आतल्या खोलीत शिलाई मशीनमागं जाऊन बसते. धावत नाही, भुंकत नाही, मान खाली घालून जाते. तिला आता आठवा महिना लागलाय. कुकरची शिट्टी, मिक्सर, मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांचा खडखडाट, कशालाही ती दाद देत नाही. घाबरते ती फक्त पेपरच्या घडीला, आणि ही भीती तिला मी लावलीय. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी, एका फटक्यात.

मिस्टर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत. कारखान्याच्या मागं रद्दी सुताची पोती पडलेली असतात, तिथं एका गावठी कुत्रीनं चार पिल्लं घातली होती. नोव्हेंबरच्या शेवटी एका रात्री ती ट्रकखाली गेली. तीन पिल्लं कामगारांनी नेली, चौथं कुणी नेलं नाही, कारण ती मादी होती. पाळी संपल्यावर मिस्टर तिला एका सेकंडच्या टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. कडेचे दोन धागे सुटलेला तो टॉवेल अजून तिच्याकडेच आहे. रंग भाजलेल्या शेंगेच्या टरफलासारखा आणि तोंड काळं. सासूबाईंनी चष्मा लावून न्याहाळलं. म्हणाल्या, "शेंगच की गं ही." नाव तिथंच ठरलं.

डॉक्टरांनी दात पाहून सात-आठ आठवड्यांची असेल म्हणून सांगितलं. जंताचं औषध दिलं, पहिली लस टोचली, रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर म्हणून तारीख लिहून दिली. पार्व्होचा आजार लहान पिल्लांना फार पटकन नेतो, म्हणून लसी पुऱ्या होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडायचं नाही असं बजावलं. शिस्तीबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. बावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवतेय, एका पिल्लाला काय शिकवायचं ते मला ठाऊक आहे असं वाटलं.

मग तो फटका. सोलापुरात राहणाऱ्याला पाण्याचं सांगायला नको. उजनी काठोकाठ भरलेली असली तरी आमच्या नळाला पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतं. त्या दिवशी पाणी येऊन चार दिवस झाले होते आणि पिंपात जेमतेम स्वयंपाकापुरतं उरलं होतं. सासूबाईंची चादर, आपली सोलापुरी, जाड विणीची, मी आदल्या पाण्याला धुऊन ठेवली होती. शाळेतून आले तर त्या चादरीवर ओल. हात लावून पाहिलं तर गार झालेली, म्हणजे करून बराच वेळ झाला होता. शेंगी शेपटी हलवत पायाशी आली. मी तिला मानेला धरून चादरीपाशी नेलं, तोंड खाली दाबलं आणि टीपॉयवरचा पेपर दुमडून पाठीवर एक मारला. जोर फार नव्हता, आवाज मात्र मोठा झाला. ती जमिनीला चिकटली आणि तिथंच पुन्हा तिची लघवी सुटली.

सासूबाई कोपऱ्यात माळ ओढत होत्या. पहिल्या आठवड्यात "मार की एक, आपोआप शिकंल" असं म्हणणाऱ्याही त्याच. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. रात्री भाकरी थापताना मात्र त्यांनी नामदेवाची गोष्ट काढली. कुत्र्यानं कोरडी भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, देवा, कोरडी नको खाऊस, ही गोष्ट आमच्या पंढरपूरच्या जिल्ह्यात पाळण्यातच ऐकायला मिळते. मीही ती वर्गात दरवर्षी सांगते. सासूबाईंनी माझ्याकडं न बघता ती नेहमीच्या आवाजात पुरी सांगितली आणि भाकरी तव्यावर टाकली.

पुढचे काही दिवस मी शेंगीकडं जे पाहिलं, त्यानं मला खरं शिकवलं. लघवी थांबली नाही, जागा बदलली. कपाटामागं, पलंगाखाली, मशीनच्या पायट्याशी. तिला धडा मिळाला होता, पण वेगळाच: या बाईच्या देखत करायचं नाही. आता अंगणात नेलं तरी ती माझ्यासमोर करेना. वीस-वीस मिनिटं कडुलिंबाखाली उभी राहायची, माझ्याकडं तिरकं बघत, आणि आत आल्यावर मशीनमागं जायची. म्हणजे तिला बाहेर करायला शिकवण्याची जी एक वाट होती, तीच मी फटक्यानं बंद केली होती.

तेव्हा मला डी.एड.ची वही आठवली. मराठी माध्यमातून शिक्षक झालेल्या प्रत्येकाला मानसशास्त्रातले तीन प्राणी पाठ असतात: पावलॉवचा कुत्रा, थॉर्नडाइकचं मांजर, स्किनरचा उंदीर. पावलॉवला १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी. अन्न यायच्या आधीच कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते हे त्याला त्याच कामात दिसलं. थॉर्नडाइकनं मांजराला पेटीत कोंडलं, खटका दाबला की दार उघडायचं, आणि त्यातून परिणामाचा नियम मांडला: ज्या कृतीनंतर बरं वाटतं ती कृती पुन्हा केली जाते. 'अभिसंधान' म्हणजे एका गोष्टीला दुसरी जोडली जाणं, 'प्रबलन' म्हणजे बक्षिसानं कृती पक्की होणं, हे शब्द मी परीक्षेत लिहिले, पैकीच्या पैकी गुण घेतले आणि वही माळ्यावर टाकली. पावलॉवचा कुत्रा घंटेला जेवण जोडतो, तसाच माझा कुत्रा पेपरच्या आवाजाला मार जोडून बसला होता. त्यासाठी एकच वेळ पुरली. भीती जोडायला एकच पुरते आणि सोडवायला महिने जातात, हे त्या वहीत असेलही, मला आत्ता कळलं.

तर मी पहिल्यापासून सुरुवात केली. लहान पिल्लाला लघवी धरवत नाही. ढोबळ हिशेब असा, की जितके महिने तितके तास, फार तर एखादा जास्त. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून दमल्यावर ती होणारच. म्हणून त्या तीन वेळा उचलून कडुलिंबाखाली न्यायचं आणि गप्प उभं राहायचं. रात्री अडीचचा गजर लावला. माझ्यावरचा तिचा विश्वास गेला होता म्हणून पहिले काही दिवस लेक तिला घेऊन जायचा, बारावीचा अभ्यास करत तो जागाच असायचा. "कर की बे शेंगे, थंडी वाजतीय," असं तिच्याशी हळू बोलत उभा राहिलेला तो मला खिडकीतून दिसायचा. झालं की त्याच क्षणी "छान!" म्हणायचं आणि खिशातला तुकडा तिच्या तोंडात द्यायचा. त्याच क्षणी, हे फार महत्त्वाचं. आत येऊन डब्यातून खाऊ दिला तर पिल्लाच्या हिशेबी ते आत येण्याचं बक्षीस होतं. सेकंद-दोन सेकंदांत जे मिळतं तेच त्या कृतीला चिकटतं. चादर गार झाल्यावर मारलेला फटका कशाला चिकटला असेल, ते यावरून कळतं. शेपटी हलवत माझ्यापाशी येण्याला.

घरात चुकलं तर काही बोलायचं नाही. पुसायचं, साबणाच्या पाण्यानं धुवायचं, वास उरू द्यायचा नाही, कारण जिथं वास तिथं परत. फिनाईल मी बंद केलं, पिल्लू पंजे चाटतं. पिंपातलं पाणी जपून वापरायचं असल्यामुळं एक जुना टॉवेल त्यासाठीच वेगळा ठेवला होता. जानेवारी संपेपर्यंत घरातली लघवी जवळपास थांबली.

खिशातला तुकडा म्हणजे कडक भाकरी. यासारखं दुसरं काही मला सापडलं नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची, घरी केलेली, मीठ न घातलेली पातळ कडक भाकरी मोडली की हरभऱ्याएवढे तुकडे होतात, खिशाला तेल लागत नाही, आठवडाभर खराब होत नाहीत, आणि कुरकुर आवाजावर शेंगी जीव टाकते. दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त असला खाऊ नसावा, म्हणून तुकडा लहानच. बाहेर मन विचलित करणारं पुष्कळ असतं, तिथं भाकरीचं मोल कमी पडतं, मग पनीर. कडक भाकरीबरोबर आपल्याकडं शेंगाचटणी येणारच, ती मात्र अजिबात नाही. त्यात लसूण असतो आणि लसूण-कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो. द्राक्षं, मनुका, चॉकलेट हेही विषच. पाहुणे लाडानं काहीबाही पुढं करतात, त्यांना मी स्पष्ट सांगते. कुणाला राग आला तर येऊ दे.

या खाऊवरून घरात वाद झाला. सासूबाई म्हणाल्या, "लाच देऊन शिकवतीस व्हय? उद्या खिसा रिकामा असला की ऐकंल का?" मला उत्तर सुचेना. ते शेजारच्या अव्वांनी दिलं. अव्वा म्हणजे आमच्या भिंतीला लागून राहणाऱ्या पद्मशाली आजी. घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. चाळीस वर्षं विड्या वळतायत. ओट्यावर सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या, कात्रीनं तेंदूचं पान कापता कापता म्हणाल्या, "आधी दाखवला पैसा तर लाच. काम झाल्यावर दिला तर मजुरी. मी हजार विड्या वळते, मग कारखानदार पैसे देतो. ते काय लाच आहे?" सासूबाई गप्प झाल्या. मी हा फरक पुढं कधी विसरले नाही. तुकडा मुठीत लपलेला असतो, शेंगीला दिसत नाही; ती बसते, मग मूठ उघडते. एकदा काम पक्कं अंगवळणी पडलं की दर वेळी तुकडा द्यायचा नाही. तिसऱ्याला, मग पाचव्याला, मध्येच लागोपाठ दोनदा. त्यानं सवय आणखी घट्ट होते. पण "छान" मात्र दर वेळी.

बसायला शिकवतानाची एक अडचण इथलीच, सोलापूरची. मी म्हणायची "बस". अव्वा भिंतीवरून म्हणायच्या "कूसो". सासूबाई अक्कलकोटकडच्या, त्यांच्या तोंडात नकळत कानडी "कुंद्रू" यायचं. लेक "बस बे" म्हणायचा, आणि मिस्टर वाक्यच बोलायचे: "शेंगे, बस बघू आता शहाण्यासारखी." आपल्या शहरात माणसाला तीन भाषा सहज येतात, पण दहा आठवड्यांच्या पिल्लाला हे सगळे वेगवेगळे आवाज. एका कामाला एकच आवाज हवा. अव्वा मराठी शब्द म्हणायला तयार होत्या, तोंडातून मात्र तेलुगूच यायचं, आणि ते इतकं गोड यायचं की मला थांबववेना. शेवटी ठरलं, शब्द ज्याचा त्याचा, खूण एकच: तळहात वर, छातीपर्यंत हळू उचलायचा. कुत्र्याला शब्दापेक्षा हाताची खूण लवकर कळते, हे मी तेव्हा प्रत्यक्ष पाहिलं. तुकडा नाकासमोर धरून हळूच डोक्याच्या मागं नेला की नाक वर जातं आणि बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं की "छान". चार दिवसांत ती लेकापुढं बसायला लागली, पाचव्या दिवशी अव्वांपुढं.

माझ्यापुढं नाही. माझा हात तिच्या डोक्याच्या वर गेला की ती मान खाली घ्यायची, डोळे अर्धवट मिटायची. तुकड्यासकट तो हात तिच्यासाठी फटक्याचा हात होता. मग मी जमिनीवर बसून, हात तिच्या हनुवटीखालून आणायला लागले. रोज दोन-तीन मिनिटं, जास्त नाही. पहिल्यांदा नुसता उघडा तळवा आणि त्यावर तुकडा. मग हनुवटीखाली बोट. मग कानामागं. बावीस दिवसांनी माझा हात तिच्या डोक्यावरून गेला आणि ती हलली नाही. वहीत तारीख लिहून ठेवलीय.

पिल्लाला जग दाखवायचे दिवस फार थोडे असतात. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जे दिसतं, ऐकू येतं, अंगाला लागतं, ते त्याला आपलं वाटतं. पुढं नवी गोष्ट आधी संशयाची असते. आमच्याकडं यातले चार-पाच आठवडेच उरले होते आणि खाली सोडायला तर डॉक्टरांनी बंदी केलेली. म्हणून मी तिला छातीशी चादरीच्या झोळीत बांधून हिंडवलं. अशोक चौकातल्या रिक्षा, मागांच्या शेडच्या दारातला खडखडाट, हेल्मेट घातलेला माणूस, बुरख्यातली बाई, काठी टेकत चालणारे आजोबा, भंगारवाल्याची हाळी. दर नव्या गोष्टीला एक तुकडा. ती बघतेय, कान पुढं आहेत, तोंड सैल आहे, तर थोडं जवळ. तिनं तोंड फिरवलं, जांभई दिली, ओठ चाटले, की मागं. जांभई म्हणजे झोप आली असं मी समजत होते. पिल्लाला नकोसं झालं की ते जांभई देतं, हे कळल्यावर माझी कितीतरी पावलं मागं आली.

आणि मग गड्डा जवळ आला. सिद्धेश्वराची यात्रा, सात नंदीध्वज, हलग्या, होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम. त्या रात्री सगळं सोलापूर वर बघत असतं. दरवर्षी मीही असते. यंदा डिसेंबरपासूनच मोबाईलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावून मी शेंगीला जेवण वाढत होते. ती खात राहिली तर दोन दिवसांनी आवाज एक रेघ वाढवायचा, कान मागं गेले तर कमी करायचा. दारूकामाच्या रात्री मी घरीच थांबले. खिडक्या लावल्या, पंखा मोठा केला, पलंगाखाली तिची टॉवेलाची जागा केली. पहिला मोठा बार झाला तशी ती थरथरत माझ्या मांडीवर आली. मिस्टरांच्या ओळखीतल्या एकानं ऐकवलं होतं, घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेऊ नका, लाड केले की भीती वाढते. मला ते कधी पटलं नव्हतं आणि ते खरंही नाही. तुकडा दिल्यानं बसणं वाढतं कारण बसणं ही कृती आहे. भीती ही कृती नाही, ती धीर दिल्यानं वाढत नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. ज्या हातानं मारलं होतं त्याच हाताखाली ती तासभर होती. बाहेर आकाश किती रंगलं होतं ते मला दुसऱ्या दिवशी लोकांनी सांगितलं.

दातांचं फार लिहीत नाही, ज्यांनी पिल्लू पाळलंय त्यांच्या साडीच्या काठांना ते ठाऊक आहे. अठ्ठावीस दुधाचे दात चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि त्यांच्या जागी बेचाळीस येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात आणि पिल्लू जे सापडेल ते चावतं. ओला टॉवेल गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवला, तो समोर बसून चघळायला दिला, तिचा सगळा फेब्रुवारी त्यावर गेला. हाताला चावली की खेळ बंद, उठायचं, अर्धा मिनिट पाठ फिरवायची. तेवढ्यानं कळतं. एका सकाळी त्या टॉवेलाच्या गाठीत तांदळाएवढा दात अडकलेला मिळाला. सासूबाईंनी तो कुंकवाच्या डबीत ठेवलाय.

तो ओळखीतला माणूस नंतर एकदा घरी आला होता. त्यानं शेंगी दारातून आमच्या आधी बाहेर पडताना पाहिली आणि म्हणाला, हिला मालक कोण ते दाखवा, पाठीवर पाडून दाबून धरा, लांडग्यांच्या कळपात तसंच असतं. हे आपल्याकडं पुष्कळ जण म्हणतात, म्हणून मी शोधून वाचलं. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या संशोधकानं पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांच्या भांडणांवरून ही म्होरक्याची कल्पना मांडली. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकामुळं ती जगभर गेली. मग त्याच मेकनी कॅनडाच्या उत्तरेला एल्समेर बेटावर वर्षानुवर्षं मोकळे लांडगे पाहिले आणि १९९९ साली स्वतःच लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असतं, आई-बाप आणि त्यांची पोरं. तिथं म्होरक्या शब्द वापरणं म्हणजे घरातल्या आईबापाला म्होरक्या म्हणणं. मला हे वाचून आमच्या नान्नजचं माळरान आठवलं. माळढोकासाठी राखलेल्या त्या गवतात लांडगेही राहतात. लहानपणी आजोबांच्या बैलगाडीतून जाताना एकदा संध्याकाळी दिसले होते, दोन मोठे आणि मागं तीन लहान, बांधावरून एका ओळीत. आजोबांनी गाडी थांबवली आणि हळूच म्हणाले, "बिऱ्हाड चाललंय."

त्या माणसाला मी चहा दिला आणि शेंगीला पाडून दाबायचं नाही असं सांगितलं. दारातून बाहेर पडायच्या आधी बसायला मी तिला पुढं शिकवलं, पण ते रस्त्यावर मोटारसायकली असतात म्हणून. बूड टेकलं की दार उघडतं, उठलं की दार बंद. थॉर्नडाइकच्या मांजराचंच दार.

शिकवलेल्यातलं एक काम मात्र जिवावरचं होतं. अव्वांच्या सुपात तंबाखू असते आणि शेंगी त्यांच्या ओट्यावर दिवसातून दहा वेळा जाते. निकोटीननं कुत्र्याला उलट्या होतात, लाळ गळते, अंग थरथरतं, जास्त गेली तर जीव जातो. विड्या बंद करा असं अव्वांना सांगता येत नाही, ती त्यांची भाकरी आहे. म्हणून "सोड" शिकवलं. यात ओढाताण कधी करायची नाही; तोंडातलं हिसकावून घेतलं की पिल्लू पुढच्या वेळी वस्तू घेऊन पळतं किंवा घाईनं गिळतं. अदलाबदल करायची. तिच्या तोंडात दोरीचा तुकडा, माझ्या हातात पनीर. दोरी सोडली की "छान", पनीर, आणि दोरीसुद्धा परत. सोडल्यानं काही जात नाही, उलट मिळतं, हे तिला शंभर वेळा दाखवावं लागलं. मार्चमध्ये एका दुपारी अव्वा पाण्याला आत गेल्या आणि शेंगीनं सुपातली भरलेली पुरचुंडी उचलली. मी गेटमधून पाहिलं. माझ्याकडं काहीच नव्हतं, खिसा रिकामा. "सोड," म्हणाले, आणि आवाज ओरडल्यासारखा निघू नये म्हणून गळा आवळून धरला. तिनं माझ्याकडं पाहिलं. पुरचुंडी खाली ठेवली. मी तिला घरात नेऊन अर्धा वाडगा पनीर दिलं आणि मग माझे पाय कापायला लागले. अव्वांनी त्या दिवसापासून सूप वरच्या फळीवर ठेवायला सुरुवात केली, आणि रविवारी त्यांच्या अंगणात शेंगीसाठी बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन असतं. आमच्या माळकरी घरात ते येत नाही, पण सासूबाई त्या वेळी भिंतीपाशी उभ्या राहून "खाल्लं का सगळं?" असं विचारतात.

वर्गाबद्दल लिहावं की नाही, हे ठरत नव्हतं. लिहिते. मी नोकरीला लागले तेव्हा टेबलावर छडी असायची आणि मी ती वापरली आहे. शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली झाला, २०१० च्या एप्रिलपासून लागू झाला, त्याच्या सतराव्या कलमानं मुलांना मारायला बंदी आली. मी छडी टाकली ती कायद्यानं, मनानं टाकली होती की नाही ते मला सांगता येत नाही. त्याच्याही आधीची एक मुलगी मला आठवते. पहिल्या बाकावर बसायची. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहायला मी हात उचलला की ती दोन्ही हात डोक्यावर घ्यायची. मला तेव्हा वाटायचं, घरी मारत असतील. असं किती वर्षं वाटलं. शेंगीनं माझ्या हाताखाली मान घातली त्या दिवसापर्यंत वाटलं. ती मुलगी आता तिशीत असेल, कुठं असते ते ठाऊक नाही.

आता मे चाललाय, पारा त्रेचाळीसच्या वर आहे. डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवत नसेल तर कुत्र्याचे पंजेही टेकवायचे नसतात, म्हणून आम्ही पहाटे साडेपाचला जाऊन येतो आणि परत रात्री नवानंतर. पट्टा छातीला, गळ्याला नाही. तिनं ओढलं की मी थांबते, सैल सोडलं की चालते. परत येतो तेव्हा साडेसहा व्हायला आलेले असतात आणि पेपर पायरीवर पडतो.

महिन्याभरापासून पेपरवर काम चाललंय. पहिले दिवस तो नुसता उघडा बैठकीच्या फरशीवर अंथरला, कडेला भाकरीचे तुकडे. तिनं दोन दिवस तिकडं पाहिलंच नाही. मग कडेचे उचलले, मग मधले. नंतर मी दूर बसून एक पान नुसतं हलवायची आणि पनीर टाकायची. हलवण्याचा आवाज आणि पनीर, आवाज आणि पनीर, मध्ये मला काही बोलायचं नाही. मिस्टरांनी सांगितलंय, गच्चीवर जायला मला काही त्रास नाही, तू घाई करू नकोस.

आज सकाळी मी पहिल्यांदा एक घडी घातली. पूर्ण नाही, मधोमध एकच, सावकाश, कागद फरशीवरच ठेवून. आवाज झाला. शेंगी उठली. दारापर्यंत गेली आणि तिथं थांबली. मी घडीवर पनीर ठेवलं, हात मागं घेतला, दुसरीकडं बघत बसले. सासूबाईंची माळ थांबली होती. बऱ्याच वेळानं नखांचा आवाज आला. तिरकं पाहिलं तर तिची मान जितकी ताणता येईल तितकी पुढं होती, मागचे दोन्ही पाय अजून दाराच्या दिशेनं. तिनं जिभेच्या टोकानं पनीर ओढून घेतलं आणि खाऊन दारातच बसली. मशीनमागं गेली नाही. उद्याही एकच घडी घालणार आहे.